वर तीन ओळी, खाली तीन

रायमो हिएतालानं परवाना साडेतीन ओळींचा लिहिला.
तिसरी ओळ अशी:
माझा कोड जसा आहे तसाच वाटा, तुमचे बदल शेजारी ठेवा, वेगळे.

म्हणून तार्तूतल्या या खोलीतून,
जिथून गोठलेली नदी अर्धीच दिसते
आणि उरलेली चपलांच्या दुकानामागे जाते,
मी अकरा वर्षं ठिगळं वाटते आहे.
कापड त्याचं. ते मूळ जागेवरून न्या, अख्खं, बिनहाताळलेलं.
माझ्याकडे फक्त ठिगळं मिळतील.

आईला समजावताना कागदावर काढून दाखवलं:
उणे चिन्हाची ओळ, ही उसव.
अधिक चिन्हाची, ही लाव.
आणि वरच्या तीन, खालच्या तीन,
काही न बदलता नुसत्या सोबत आणलेल्या,
जागा ओळखू यावी म्हणून.
पत्त्यासारखं, आई म्हणाली.
पाणवठ्यापुढे, पिवळं दार, कुत्रा चावत नाही.
हो, तसंच.

पहिलं माझंच होतं.
रायमोचा प्रोग्राम नावांच्या याद्या लावायचा
आणि झेड नेऊन तळाला ठेवायचा.
आमच्या वर्णमालेत ते एसच्या पाठोपाठ येतं, टीच्या आधी.
चर्चच्या नोंदवहीतलं झोबेल कुटुंब
दोनशे वर्षांच्या शेजाऱ्यांमधून उठून
एका रात्रीत शेवटच्या पानावर जाऊन बसलं होतं.
सात ओळी काढल्या, नऊ लावल्या.
माथ्यावर नाव घातलं, लेलो ऊस्तालू, आणि क्रमांक एक.

मग येत गेली.
रेक्याविकहून एक, ज्या अक्षराचं नावच काटा आहे त्याच्यासाठी.
रिगाहून एक, दिलगिरीसकट.
व्होरूच्या एका सोळा वर्षांच्या पोराचं, फक्त एक स्वल्पविराम,
कारणाच्या जागी लिहिलेलं: झोप येत नव्हती.
सहावं पाचव्याशिवाय बसत नाही.
अकरावं आणि बारावं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत,
त्यांच्यामध्ये मी धावदोरा घातलाय.

रायमो वर्षातून दोनदा नवी आवृत्ती काढायचा.
उत्तर कधीच कुणाला दिलं नाही.
प्रत्येक वेळी सगळी ठिगळं पुन्हा लावून बघायची.
एखादं आठ ओळी सरकून बसायचं, कुरकुरत.
एखाद्याची जागाच उरलेली नसायची,
त्यानं ती भिंत पाडलेली असायची,
आणि नाकारलेला तुकडा वेगळ्या फाइलीत
पत्ता धरून उभा.

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, म्हणतात.
आभाळाचं मला ठाऊक नाही.
ओळ एकशे बेचाळीस विचारा.

चार वर्षं नवी आवृत्ती आली नाही.
डिसेंबरात कोक्कोलाहून त्याच्या मुलीनं लिहिलं, सिरक्कानं:
वडिलांचा संगणक आवरते आहे,
एका फोल्डरवर तुमचं नाव आहे.

आत त्याचा कोड, स्वच्छ, जन्मला तसा.
शेजारी माझी एकोणचाळीस ठिगळं, माझ्याच क्रमानं,
आणि ती रोज सकाळी लावून
रात्री काढून ठेवणारी एक छोटी आज्ञावली.
स्वतःच्या घरातसुद्धा मिसळली नाहीत त्यानं.

आणि एक जास्तीचं. बिनक्रमांकाचं, बिननावाचं,
कुणालाच न पाठवलेलं.
उणे चिन्ह, परवान्याची तिसरी ओळ.
अधिक काही नाही.
वर दोन ओळी, खाली अर्धी.
त्याच्याकडे तेवढाच संदर्भ होता.

ते लावलं तर बाकीची सगळी कापडात जातील
आणि ही यादी संपेल.
नाव नसलेलं ठिगळ मी वाटत नाही,
हा नियम माझा आहे, त्याचा नव्हे.
सिरक्काला विचारलंय, माथ्यावर कुणाचं नाव घालू.
उत्तर यायचं आहे.

सकाळी टाल्लिनहून पंचेचाळिसावं आलंय.
वरच्या तीन ओळी जुळतात.
खालच्या अजून बघायच्यात.